नको म्हणायला गेले होते

गालाचा कॅन्सर ऑपरेशन करून काढला, नंतर रेडिएशन सोसलं, आणि वर्ष उलटायच्या आत तो मानेच्या गाठींमध्ये परत आला. फुफ्फुसातही थोडा दिसला. त्यानंतर मी देवघरासमोर बसणं सोडलं. डोंबिवलीच्या आमच्या घरात संध्याकाळचा दिवा सुनेनं न बोलता आपल्याकडे घेतला. मी देवावर रागावले असते तर बरं झालं असतं, रागात निदान बोलणं तरी असतं. मला त्याच्याशी बोलावंसंच वाटेना. तंबाखूला कधी हात लावला नाही, उपास मोडले नाहीत, मग मीच का, हा प्रश्न विचारायचाही कंटाळा आला होता.

ठाण्याच्या डॉक्टर मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. "परत ऑपरेशन होणार नाही. केमो आणि इम्युनोथेरपी एकत्र देऊ या. कॅन्सर शरीराच्या पहारेकऱ्यांची नजर चुकवून वाढतो. इम्युनोथेरपी त्यांना जागं करते. त्यांना कामाला लागायला वेळ लागतो, तोवर केमो गाठींना आवर घालेल." ह्यांनी विचारलं, "बरी होईल ना ही?" मॅडम म्हणाल्या, "मुळापासून जाईल, असं मी म्हणणार नाही. पण आटोक्यात येऊ शकतो. त्यांना चांगले दिवस मिळावेत, म्हणून हे करायचं."

घरी येऊन मी सांगून टाकलं, "मला नको."  ह्यांनी वाद घातला असता तर मी भांडले असते, पण ते नुसतेच माझी चादर सारखी करत राहिले. दोन दिवसांनी मी म्हटलं, मला टिटवाळ्याला न्या. लग्नानंतरचं आमचं पहिलं दर्शन तिथल्या गणपतीचं. ह्यांना वाटलं, हिचं मन वळलं. खरं तर मला देवाला तोंडावर सांगायचं होतं की आता पुरे.

सुनेनं गाडी काढली. गाभाऱ्यासमोर उभी राहिले आणि एक शब्द सुचला नाही. पुजाऱ्यांनी हातावर पेढा ठेवला. माझं तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं, कोरडं काही गिळलं की ठसका लागायचा. सून गाडी आणायला गेली. तळ्याकाठी बाकावर बसून मी त्या पेढ्याकडे बघत होते, आणि इतक्या महिन्यांत न आलेलं रडू आलं. हे शेजारी अवघडून बसले होते.

पलीकडे साधारण माझ्याच वयाची एक बाई नातीला खेळवत होती. ती उठून आली. "काय झालं ताई? खाता येत नाही?" ह्यांनी थोडक्यात सांगितलं. "अगो बाई!" म्हणत ती सरळ माझ्याजवळ बसली. नातीसाठी आणलेलं कोमट दूध तिनं वाटीत ओतलं, माझ्या हातातला पेढा त्यात बोटांनी पार विरघळवला. "आमची सासू लकव्यानं पडलेली, तेव्हा असंच भरवायचे मी. कोलशेतला घर आहे आमचं. हनुवटी जरा खाली घ्या. घाई नाही करायची." नातीच्या छोट्या चमच्यानं ती मला भरवू लागली. ठसका लागला नाही. माझ्या हनुवटीवरून ओघळलेलं दूध ती पदरानं टिपत होती, जणू मी तिचीच कोणीतरी होते. किती दिवसांनी काहीतरी गोड पोटात गेलं!

हे तिच्याकडे वळले. म्हणाले, "औषध नको म्हणते हो ही. तेच देवाला सांगायला आली होती."

बाई मोठ्यानं हसली. "नको म्हणायला आलात, आणि खाऊन चाललात की!"

मलाही हसू आलं. तोंडात घास होता, त्यामुळे तिचं नाव विचारायचं राहिलं. गाडीत बसल्यावर मी ह्यांना म्हटलं, "मॅडमना फोन करा."

पुढचे महिने सोपे नव्हते. तोंड सोलवटलं, केस गेले, अंगावर पुरळ उठलं. इम्युनोथेरपीनं थायरॉइड मंदावलं, त्याची गोळी रोजची झाली. पण मानेच्या गाठी हाताला लहान लागू लागल्या, आणि स्कॅन बघून मॅडम पहिल्यांदा हसल्या. आता केमो थांबली आहे, इम्युनोथेरपी चालू आहे. रोग गेलेला नाही. पुढच्या स्कॅनची भीती मला आजही वाटते. शरण जाणं म्हणजे हात टेकणं, असं मी समजत होते. तसं नाही. काय होईल ते देवावर सोडायचं आणि तो पुढे धरील ते घ्यायचं, मग ते सलाईन असो की चमचाभर दूध.

मी पुन्हा देवघरासमोर बसते. ऑपरेशननंतर जीभ वर टेकत नाही, त्यामुळे स्तोत्रातला प्रत्येक 'ण' माझ्या तोंडून 'न' होतो. सुरुवातीला लाज वाटायची, म्हणून पुटपुटायचे. गेल्या चतुर्थीला मधेच दम लागून थांबले, तर मागून ह्यांचा आवाज आला. जन्मात कधी स्तोत्र न म्हटलेले हे, माझ्या पुढची ओळ म्हणत होते. रोज ऐकून पाठ झालं असावं. मी डोळे मिटून ऐकत राहिले. स्वच्छ उच्चारांचा हा माणूस मनापासून, जराही न अडखळता, प्रत्येक वेळी 'गनपती' म्हणत होता.