फुकट पार्किंग आणि दारातला उजेड

बुधवार, १ ऑक्टोबर. आजपासून आपल्या पेठेत पार्किंग मोफत. सकाळी पालिकेच्या माणसांनी दराचा फलक उतरवला. चष्मेवाल्यांनी सगळ्या दुकानांत चहा पाठवला. पावत्या फाडणारा निरोप घेऊन गेला, त्याची बदली बस स्टँडवर झाली म्हणे. दुपारी एक बाई गाडी थेट दारात लावून आल्या आणि भरपूर लेस घेऊन गेल्या. गुडघा आज बरा.

एवढं लिहून काकूंनी वही मिटली तेव्हा त्या मनापासून खूश होत्या. रोज लिहायची सवय त्यांना कॉन्व्हेंटमध्ये लागली. पुढे सासर, बाळंतपणं, नवऱ्याचं आजारपण, या सगळ्यातून ती टिकली. पण पेठेत त्यांचं हे लिहिणं कोणाला ठाऊक नव्हतं. पेठेत त्या मॅचिंगवाल्या काकू होत्या.

दुकान बटणं, लेस, झिपा, अस्तर आणि दोऱ्यांचं. रुंदीला इतकं कमी की दोन अंगापिंडाने भरलेली गिऱ्हाइकं एकदम आली, तर एकीला उलट्या पावली बाहेर यावं लागे. भिंतीला छतापर्यंत लाकडी खण आणि प्रत्येक खणाच्या तोंडाशी आतल्या बटणांपैकी एक चिकटवलेलं. खिडकी एकही नाही. जो काय उजेड यायचा तो दारातून. गिऱ्हाइकाने कापडाचा तुकडा पुढे केला की काकू दोन-तीन रिळं उचलायच्या, काउंटरला वळसा घालून उंबऱ्यावर जायच्या आणि म्हणायच्या, "चला, बाहेर या. आत सगळंच छान दिसतं." मग तुकडा आणि दोरा उजेडात धरून एकदा सरळ, एकदा तिरपं बघायच्या. ही रीत त्यांना शाळेतल्या शिवणाच्या सिस्टरने लावली होती. नवरा हयात असताना गिऱ्हाइकांना सांगायचा, "मलासुद्धा हिने आधी अंगणात नेऊन बघितलं, मग होकार दिला."

त्यांनी जुळवलेला रंग चुकला असं कधी झालं नाही. त्यामुळे कोट शिवणारे मास्तर नुसता तुकडा पाठवून द्यायचे. सोबत निरोप एकच, काकू देतील ते. काकूंकडून आलेल्या मालाची पुडीसुद्धा न उघडता ते कारागिराच्या हाती द्यायचे. दुकानाची खरी पुंजी हीच होती, आणि काकूंना ते पक्कं माहीत होतं.

गावाबाहेर मोठा मॉल झाला तशी पेठ ओस पडू लागली. तिकडे गाडी लावायला पैसे पडत नाहीत, इकडे पाच मिनिटांच्या कामाला पावती. एका रिळासाठी कोण येणार? तेव्हा काकूंनीच मनावर घेतलं. दुखरा गुडघा घेऊन त्या दुकानोदुकानी फिरल्या आणि सह्या जमवल्या. पहिली सही त्यांच्या धाकट्या दिराची. त्यांचं शेजारीच गाद्या-उशांचं दुकान. काकू त्यांना भाऊजी म्हणत आणि बाकीची पेठ गादीवाले. पालिकेत निवेदन द्यायला गेले तेव्हा व्यापारी मंडळाचे अध्यक्ष चष्मेवाले मोठ्या साहेबांना म्हणाले होते, "ह्या आमच्या सेनापती."

पहिले काही दिवस खरंच बरे गेले. मग काकूंच्या ध्यानात आलं की सकाळी दुकान उघडायच्या आतच रस्त्याच्या दोन्ही कडा भरलेल्या असतात आणि त्यात गिऱ्हाइकाची गाडी औषधालाही नसते. घड्याळवाल्याची गाडी घड्याळांच्या दुकानापुढे, चष्मेवाल्यांची चष्म्यांच्या दुकानापुढे. एरवी सायकलवर येणारा बेकरीवालाही आता व्हॅन घेऊन येऊ लागला. आणि काकूंच्या दारात, पायरीला अगदी लागून, भाऊजींचा बंद टेम्पो. रंग भडक तांबडा. त्याच्या अंगावर गादीवर आडवा पडून हसणाऱ्या माणसाचं चित्र. "दिवसभर माझ्याकडे बघत लोळतो मेला," असं काकू सुरुवातीला हसून म्हणत.

अशाच एका दुपारी मास्तर स्वतः आले. मोठ्या हॉटेलचं काम मिळालं होतं, तिथल्या सगळ्या माणसांचे कोट. राखाडी कापड, त्याच्या कडांना त्याच रंगाची पायपिंग, म्हणजे बारीक गोल पट्टी. काकूंनी नेहमीसारखं उंबऱ्यावर जाऊन जुळवून दिलं. मास्तर पुडी घेऊन घाईने गेले.

कोट शिवून गेले, हॉटेलच्या दारावरचा माणूस तो घालून उन्हात उभा राहिला आणि हॉटेलने सगळे कोट परत पाठवले. मास्तर एक कोट घडी घालून घेऊन आले. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच काकूंना जास्त लागलं.

"काकू, जरा बाहेर येता?"

"इथेच दाखवा ना."

"इथे नाही. चौकात चला."

टेम्पोला वळसा घालून दोघं चौकात गेली. मोकळ्या उन्हात मास्तरांनी कोट उलगडला. कापड निळसर राखाडी होतं आणि पायपिंग हिरवट. शेवाळल्यासारखी. लांबून ओळखू यावी इतकी.

"मी बघितलंसुद्धा नाही," मास्तर म्हणाले. "तुम्ही दिलंय म्हटल्यावर कशाला बघू?"

"मी नवीन देते. आत्ताच्या आत्ता देते."

"द्याल हो. पण उसवणार कोण आणि पुन्हा शिवणार कोण? ते हॉटेल गेलं, काकू."

तोच कोट घेऊन काकू परत आपल्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. आता पायपिंग आणि कापड अगदी जुळी भावंडं! त्यांना वाटलं आपल्याला भ्रम झालाय. त्यांनी आतून पांढऱ्या दोऱ्याचं कोरं रीळ आणलं आणि उजेडात धरलं. रीळ गुलाबी दिसत होतं. हात बघितले, तेही तांबूस. दुपारचं ऊन टेम्पोच्या अंगावर पडून सगळं त्यांच्या दारात उसळत होतं. त्या तांबूस उजेडात निळसर काय आणि हिरवट काय, दोन्ही सारखंच मळकट.

त्या तडक शेजारी गेल्या.

"भाऊजी, टेम्पो काढा दारातून."

"काढून कुठे नेऊ? पुढे चष्मेवाला, मागे घड्याळवाला. वर टांगू का?"

"पूर्वी घरापाशीच लावायचात ना?"

"पूर्वी पावती पडायची. आता फुकट असताना उशा डोक्यावर घेऊन कशाला येऊ चालत?" भाऊजी हसले, मग त्यांचा चेहरा बघून थांबले. "वहिनी, फुकट करा म्हणून तुम्हीच घसा फोडलात. पहिली सही माझी होती, विसरू नका."

"सही गिऱ्हाइकांसाठी होती. तुमच्या टेम्पोला जागा मिळावी म्हणून नव्हती."

"हे बघा, मी काढीन. पण मी काढला की दुसरा घुसेल. तुमच्यासाठी जागा राखून कोण बसणार?"

भाऊजी तोंडाचे तिखट, पण शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवशी टेम्पो आणलाच नाही. तासाभरात त्या जागी बेकरीवाल्याची व्हॅन येऊन उभी राहिली. ती पिवळी. काकूंनी रीळ धरून बघितलं आणि आत जाऊन बसल्या. मग भाऊजींनीही पुन्हा टेम्पो आणायला सुरुवात केली. पुडी बांधून देताना आता गिऱ्हाइकाला त्या म्हणत, "चौकात जाऊन बघा हं, मगच न्या." मॅचिंगवाल्या काकूंनी असं म्हणावं म्हणजे झालंच.

त्या आठवड्यात त्यांनी चष्मेवाल्यांना मंडळाची बैठक बोलवायला लावली. बैठक चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत, जिथे भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता असतो तिथे. काकूंनी उभ्याने सांगितलं, "पार्किंग फुकटच राहू द्या, पण एक तास. पुढे पावती. आपल्याच गाड्यांनी रस्ता अडवला तर गिऱ्हाईक उतरणार कुठे?"

"म्हणजे पावतीवाला परत आणायचा?" बेकरीवाला म्हणाला. "आधी घालवायला सह्या, आता आणायला सह्या. काकू, तुम्हाला दुसरं काम नाही का?"

हशा पिकला.

"माझी चूक झाली असेल," काकू म्हणाल्या. "पण एक तासाची अट घालायला काय हरकत आहे? तुमच्याही दारात गिऱ्हाईक थांबत नाही, ते दिसत नाही का?"

"मंदी आहे, काकू. मंदीला गाड्या काय करणार?" घड्याळवाला म्हणाला.

मग चष्मेवाले अगदी मायेने बोलले, आणि तेच सगळ्यात वाईट झालं. "काकू, मास्तरांच्या कोटांचं कानावर आलं. वयोमानाने होतं हो असं. मोतीबिंदूची सुरुवात असेल. उद्या या, मी तपासून देतो. फुकट."

खोलीत कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या तोंडावर कीव होती. काकूंना एकदम कळलं की ह्या सगळ्यांनी हे आधीच बोलून ठेवलंय.

"तपासा," त्या म्हणाल्या. "पण माझ्या उंबऱ्यावर बसून तपासा. आधी तुमचे डोळे, मग माझे."

"काय तुम्ही पण!" चष्मेवाले हसले आणि म्हणाले, "बरं, एक तासाची अट कोणाकोणाला मान्य?"

काकूंनी हात वर केला. घड्याळवाल्याचा हात वर निघाला खरा, पण इकडेतिकडे बघून तो डोकं खाजवू लागला. भाऊजी आपल्या चपलांकडे बघत राहिले. बैठक संपली.

पुढच्या दिवसांत मास्तरांकडून तुकडा आला नाही. दुसऱ्या एका शिवणकामवाल्या बाईने तर काउंटरवरच विचारलं, "काकू, तुमच्या हाताखाली कोणी तरुण नाही का रंग बघायला?" काकूंनी तिला हवं ते काढून दिलं आणि ती गेल्यावर बराच वेळ एकच खण उघडत मिटत राहिल्या.

सोमवारी पहाटेच त्यांनी घरामागच्या पत्र्याखालून नवऱ्याची स्कूटर बाहेर काढली. ती चालू होत नव्हतीच. काकूंनी ती ढकलत आणली, दम लागला की थांबत, आणि आपल्या दारापुढच्या रिकाम्या जागेत मधोमध उभी केली. एका गाडीची जागा स्कूटरने अडली, पण वरचं आभाळ मोकळं राहिलं.

थोड्या वेळाने भाऊजी टेम्पो घेऊन आले. खाली उतरले.

"दादाची स्कूटर?"

"पार्किंग फुकट आहे ना?"

भाऊजींनी स्कूटरचं हँडल धरलं. काकूंना वाटलं हलवताहेत. पण त्यांनी तिला नीट स्टँडवर चढवलं, हँडल सरळ केलं आणि टेम्पो घेऊन घराच्या दिशेने गेले.

दुपारी उंबऱ्यावर पांढरं रीळ पांढरं दिसलं. काकूंनी मास्तरांना फोन केला. ते आले, पण तुकडा खिशातून काढायला त्यांनी वेळ लावला. काकूंनी दोरा निवडला, उजेडात धरला आणि जुळतोय हे त्यांना पहिल्या नजरेत कळलं. तरी त्या म्हणाल्या, "घ्या, तुम्हीच बघा."

मास्तर आधी संकोचले. मग दोन्ही हातात घेऊन उन्हात गेले, चष्मा कपाळावर चढवून खालीवर करून बघितलं, पुन्हा बघितलं. "बरोबर आहे," म्हणाले. पूर्वी त्यांना हे म्हणावं लागत नसे.

ते गेले आणि रस्त्यावर एक गाडी हळू झाली. आतल्या बाईच्या मांडीवर कापडाची घडी होती आणि ती दुकानाची पाटी वाचत होती. तिने पुढे बघितलं, मागे बघितलं, मग स्कूटरकडे. काकू झटकन पायरी उतरल्या आणि स्कूटरच्या हँडलला हात घातला. काढली तर ही बाई आत येईल. ही बाई गेल्यावर त्या जागी कोण येईल, तेही त्यांना ठाऊक होतं. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. बाईने एकदा काकूंकडे बघितलं, काकूंनी हात हँडलवरच ठेवला, आणि गाडी पुढे निघून गेली.

संध्याकाळी दुकान बंद करताना काकूंनी स्कूटर घरी नेली नाही. तिथेच कुलूप लावून ठेवली, सकाळी जागा जायला नको म्हणून.

घरी आल्यावर त्यांनी वही उघडली. तारीख घातली, मास्तर येऊन गेल्याचं लिहिलं. त्या बाईबद्दल लिहायला पेन टेकवलं, आणि उचललं. मग खाली एवढंच लिहिलं:

दूध उतू गेलं. शेगडी पुसून घेतली.