तिसरी पुडी

पुडी बांधावी तर पुडीबाईंनीच. पांढऱ्या चौकोनी कागदावर मोहरीएवढ्या पाच गोळ्या, दोन आडव्या घड्या, एक उभी, आणि टोक असं आत खोचलेलं की पुडी जिन्यावरून गडगडत गेली तरी एक गोळी बाहेर पडायची नाही. वर टपोऱ्या, गोल अक्षरांत सूचना. होमिओपॅथीच्या त्या दवाखान्यात बावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर डॉक्टरांनासुद्धा हजेरीवही उघडावी लागली असती.

दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेर बाकं, आत डॉक्टरांचं टेबल आणि त्याच्या उजवीकडे, खिडकीशी, पुडीबाईंचं. त्यामुळे डॉक्टर कायम त्यांच्या डाव्या हाताला असत, आणि पुडीबाईंचा डावा कान लहानपणीच गेलेला होता. नोकरीला लागताना त्यांनी हे सांगितलं नाही, आणि पुढे त्याचे फायदे लक्षात आल्यावर तर मुळीच नाही. जे ऐकायचं नसेल ते डाव्या कानावर पडू द्यायचं, आणि खाली मान घालून घड्या घालत राहायचं. डॉक्टरांना वाटे, बाई कामात अगदी बुडालेल्या असतात.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता, हेकट होता. पेशंटला विचारायचं ते ढीगभर: कुठल्या कुशीवर झोपता, विजांची भीती वाटते का, स्वप्नात पाणी दिसतं का. सांगायचं मात्र काही नाही. फार बोललं की औषधाचा जोर कमी होतो, अशी त्यांची समजूत होती. पेशंटने काही विचारलंच तर बोट पुडीकडे जाई. "सगळं वर लिहिलंय."

त्यामुळे पेशंट पुडीवरचं अक्षरन् अक्षर पाळत. हात लावू नये म्हटलं की कोपऱ्यात चिमटीने धरून घरी नेत. कांदा बंद, कॉफी बंद, अत्तर बंद. एकदा घाईत पुडीबाईंनी लहान मुलाची सूचना पोस्टमनच्या पुडीवर लिहिली: आईने मांडीवर घेऊन द्यावी. पोस्टमन पन्नाशीचा, वजन चांगलं भरभक्कम. दुसऱ्या दिवशी त्याची म्हातारी आई गुडघे धरून दवाखान्यात आली. औषध बरोबर दिलं म्हणाली, पण रोज जमायचं नाही. पुडीबाई आठवडाभर आठवून आठवून हसत होत्या. पण आपल्या अक्षरात किती ताकद आहे, हे त्यांनी त्याच आठवड्यात मनात नोंदवून ठेवलं.

मग एके दिवशी दारावर नवी पाटी लागली. "गोवरापासून संरक्षण. सुई नाही, ताप नाही, रड नाही. फक्त तीन मात्रा." बाळं काखोटीला मारून आयांची रीघ लागली. पुडीबाईंनी पाटी दोनदा वाचली आणि त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी डॉक्टरांसमोर उभं राहून स्पष्ट सांगितलं की या गोळ्यांनी सर्दीवाल्याला बरं वाटत असेल तर वाटू दे, गोवर यांनी अडत नाही. डॉक्टरांनी मान वर न करता उत्तर दिलं. "बाई, तुम्ही पुड्या बांधा."

बरं, म्हणाल्या पुडीबाई. बांधल्या.

पहिली पुडी नेहमीसारखी, दुसरीही. तिसरीवर त्यांनी लिहिलं: "ही मात्रा गोवराची लस टोचून झाल्यावर लगेच द्यावी. आरोग्य केंद्र, दुसरं दार, बुधवारी सकाळी दहा. बाळाची बाही सैल असावी. पुढच्या डोसची तारीख सिस्टर सांगतील. ती चुकल्यास तिन्ही पुड्या वाया."

एखादी चौकस आई विचारायचीच की पाटीवर तर सुई नाही असं आहे. पुडीबाई शांतपणे तिलाच विचारायच्या, डॉक्टर सुई मारतायत का? नाही ना? मग पाटी खरीच आहे. आई विचारात पडायची आणि बुधवारी दहाला केंद्रावर हजर व्हायची.

केंद्रातल्या सिस्टर चक्रावून गेल्या. ज्या आयांनी वर्षभर त्यांच्या तोंडावर दार लावलं होतं, त्या आपण होऊन रांगेत उभ्या होत्या. बाही सैल, एका हातात बाळ, दुसऱ्या हातात चिमटीत धरलेली पुडी. टोचून झालं की पाच गोळ्या बाळाच्या जिभेवर जात आणि बाळ रडायचं थांबे. गोड काही मिळाल्यावर कुठलंही बाळ थांबतंच. सिस्टरनी एक कागद उलगडून वाचला आणि त्याच संध्याकाळी पुडीबाईंना गाठलं. दोघी बाजारातल्या बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि ही गोष्ट दोघींतच ठेवायची असं ठरलं.

सहा महिन्यांनी गोवर खरोखरच आला. मागच्या गल्लीतून सुरू झाला, बालवाडीचा एक वर्ग ओस पडला. डॉक्टरांच्या पुड्या नेलेल्या मुलांतल्या एकालाही पुरळ उठलं नाही. डॉक्टरांची मान ताठ झाली. तालुक्यातल्या होमिओपॅथांच्या मंडळाने त्यांना मानपत्र द्यायचं ठरवलं. सभेत डॉक्टर जाहीर करणार होते की यापुढे गोळ्या तयार बाटल्यांतून सगळ्या तालुक्यात जातील. पुड्यांची कटकटच नको.

पुडीबाईंना त्या बाटल्यांची काळजी वाटलीच; पुडीच नसेल तर लसीची सूचना लिहायची कुठे? पण त्याहून मोठी काळजी डॉक्टरांच्या सुनेने आणून दिली. ती दुपारी मुलाला घेऊन आली आणि नेमकी त्यांच्या उजव्या बाजूला बसली. डॉक्टरांचा नातू दीड वर्षाचा. त्याला पुडी कधी मिळालीच नव्हती. आजोबा स्वतःच्या हाताने बाटलीतून जिभेवर गोळ्या टाकत. गोवर आता त्यांच्यापासून दोन घरांवर आला होता. सुनेला लस द्यायची होती, पण सासऱ्यांपुढे ब्र काढायची सोय नव्हती, आणि नवऱ्याचा आवाज वडिलांसमोर बसूनच जायचा. मुलगा पुडीबाईंची कात्री ओढत होता. सगळ्या गावाची पोरं सुरक्षित केली आणि नेमकं हेच राहिलं होतं. पुडीबाईंनी कात्री त्याच्या मुठीतून हळूच सोडवून घेतली.

गप्प बसलं असतं तर खुर्ची टिकली असती, डॉक्टरांचा मान राहिला असता. बोललं तर बावीस वर्षं गेली. पुडीबाईंना भीती वाटली, चांगलीच वाटली. पण डॉक्टरांनी सभेत बोलणाऱ्या पालकांची यादी करायला सांगितली, तेव्हा पहिलं नाव त्यांनी शिवणकाम करणाऱ्या बाईचं लिहिलं. तिच्या मशीनला विश्रांती असे, जिभेला नसे.

सभागृह भरलं होतं. सिस्टर शेवटच्या रांगेत, सून पहिल्या. शिवणवाल्या बाईने डॉक्टरांची तोंडभर स्तुती केली आणि शेवटी म्हणाली, "पहिल्या दोन पुड्यांना काही त्रास नाही. तिसरीला पोरगं जरा रडतं. पण डॉक्टरांनी बुधवारी दहा म्हटलं म्हणजे दहा."

अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं की गोड गोळ्यांना रडायचं काय कारण.

"गोळीला कशाला रडेल? लसीला रडतं. ती टोचल्यावरच तिसरी पुडी द्यायची ना. वर लिहिलंय."

तिने पर्समधून जपून ठेवलेला कागद काढला. आणखी चार आयांनी आपापले काढले; आमच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणूनच लस घेतली, असं प्रत्येकीने अभिमानाने सांगितलं. सिस्टर छताकडे पाहत बसल्या. डॉक्टरांनी एक कागद हातात घेतला. अक्षर ओळखायला त्यांना हजेरीवही लागली नाही. अध्यक्षांनी मानपत्र हळूच खुर्चीखाली सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुडीबाई आपली कात्री आणि उशी न्यायला पिशवी घेऊन गेल्या. डॉक्टर आधीच येऊन बसले होते. दारावरची पाटी काढून भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. पुडीबाई सवयीने खिडकीशी बसल्या. डॉक्टर खुर्चीतून काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले.

"डॉक्टर," पुडीबाई म्हणाल्या, "या कानाने मला ऐकू येत नाही. कधीच येत नव्हतं."

डॉक्टर उठले. टेबलाला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले. हजारो लोकांना त्यांनी कुशी आणि स्वप्नं विचारली होती. शेजारी बसणाऱ्या बाईला काही विचारायची ही पहिलीच वेळ.

"कशाने गेला?"

"गोवराने. चार वर्षांची होते. धाकट्या भावाचा जीव गेला, माझा कानच गेला."

बाहेर बाकावर कुणीतरी खोकलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "उद्या बुधवार ना?"

"हो."

"नातवासाठी पुडी बांधा."

"तीन बांधू?"

"तिसरीच बांधा."

पुडीबाईंनी पिशवी खाली ठेवली. कागद घेतला, घड्या घातल्या, टोक खोचलं आणि नेहमीची सूचना लिहिली. मग थोडा विचार करून खाली आणखी एक ओळ घातली आणि पुडी डॉक्टरांच्या हातात दिली.

बुधवारी दहा वाजता केंद्राच्या दुसऱ्या दाराशी डॉक्टर बाकावर बसले होते. पुडी चिमटीत धरली होती. तिच्यावर शेवटची ओळ होती: आजोबांनी मांडीवर घेऊन बसावं. नातू मांडीवर होता आणि त्याची बाही सैल होती.