ओट्यावरचा गिलास

बाई मोडकं काही टाकत नसत. पिचकलेली तपेली, कान तुटलेली कढई, सारं पोत्यात जमवायच्या. भंडाऱ्याला गेल्या की पितळेच्या दुकानात मोडीत घालून नवं भांडं आणायच्या. अड्याळच्या हायस्कुलात त्या विज्ञान शिकवत आणि आमच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत. मी चौथी शिकलेली. घरमालकीण असूनही त्यांच्यापुढे माझं तोंड उघडत नसे. संध्याकाळचा चहा मात्र त्या माझ्याकडेच घेत.

एकदा चहा पिता पिता म्हणाल्या, "वहिनी, आपल्या अंगातबी मोडीची भट्टी आहे. पेशी आपलेच झिजलेले तुकडे वितळवते अन् त्यातूनच नवं करते. रोगाशी लढणाऱ्या पेशी म्हणजे आपले शिपाई. त्यांच्यात मोड साचली का ते थकतात."

"मंग?"

"मंग काय! कधी कधी घरच्यालेच चोर समजून हाणतात."

दोघी हसलो.

पुढच्या वर्षी बाईंची बोटं सुजली, गालांवर लाल चट्टे आले. घरात माझी लेकरं होती. मी बाईंना काही विचारलं नाही. त्यांचा चहा एका पितळी गिलासात देऊ लागले आणि तो धुऊन बाहेर ओट्यावर पालथा घालू लागले.

तिसऱ्या दिवशी बाई त्या गिलासाकडे पाहत राहिल्या. "हे लागत नाही कोणाले, वहिनी. माझेच शिपाई मले मारून राहिले. मोड साचली म्हणून का आणखी कशानं, ते डॉक्टरलेही पुरतं माहीत नाही." मग हळू म्हणाल्या, "माझ्या आजीलेबी लोक असाच गिलास बाहेर ठेवत. तिले तर कोणताच रोग नव्हता."

माझ्या मनात जातपात नव्हती, असं सांगायचं होतं. पण त्याच उन्हाळ्यात माझी नणंद खोकत खोकत आली होती, महिनाभर राहिली होती. तिचा गिलास मी घरातल्या फळीवरच ठेवला होता.

त्या दिवसापासून चहा झाला की बाई स्वतःच गिलास धुऊन ओट्यावर पालथा घालत. मी पाहत असे. आत घ्या, एवढं दोन शब्दांचं बोलणं मला जमलं नाही.

इलाजासाठी त्या नागपूरला गेल्या, त्या परत आल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "वहिनी, तो गिलास मोडीत घाला. नवा आणा."

पुढे एकदा मी तो पिशवीत घालून भंडाऱ्याला नेला. दुकानदारानं उलटसुलट करून पाहिला.

"कुठं पिचकला नाही, फुटला नाही. चांगला गिलास मोडीत काहून देता, बाई?"

मी तो परत पिशवीत घातला. गिलास घेऊन घरी आले.