डंकासमोरची मुलाखत

लालबागला माझं मसाल्याचं दुकान आहे. ‘माझं’ हा शब्द मुद्दाम लिहिते, कारण सासरचे लोक अजून ‘त्याने हिला दुकान टाकून दिलं’ म्हणतात आणि नवरा ते ऐकून गप्प पापड खात बसतो.

एप्रिलात, ऐन मसाल्याच्या दिवसांत, शीवहून एक संशोधन करणारी पोरगी आली. कामधंदा आणि संसार एकमेकांना कसे ओढतात, हा तिचा विषय. नवरा-बायकोला वेगवेगळं विचारायचं, हा नियम.

“एकत्र बसवलं की एक बोलतं आणि दुसरं मान हलवतं, काकू.”

नवऱ्याची मुलाखत आदल्या दिवशी घरी झाली होती. माझी दुकानात, मिरची कुटायच्या डंकासमोर, दोघीही खोकत.

“ते काय म्हणाले?” मी विचारलं.

“ते नाही सांगता येणार.”

आमच्याकडे गिऱ्हाईक आपली मिरची कुटून होईपर्यंत डंकासमोरून हलत नाही. इथे माझा अख्खा संसार कुटून झाला होता आणि मी समोर नव्हते. किलोभर मालवणी मसाला फुकट देऊ केला. मग दोन किलो. पोरगी ढळली नाही. अशी मला गल्ल्यावर हवी होती.

घरी गेल्या गेल्या नवऱ्याला धरलं. “दुकान कुणी उभं केलं, ते सांगितलंत का?”

“तिने विचारलंच नाही. घर आणि काम दोन्ही कोण सांभाळतं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मी.”

“तुम्ही?”

“कचेरीतून सुटून थेट घरी कोण यायचं? लेकीचा अभ्यास, कुकर, शाळेतल्या मीटिंगा? तिथल्या बाई मला विधुर समजायच्या.”

माझं डोकं फिरलं. पोरीला फोन लावला. तुझा एक प्रश्न राहिलाय, ये आणि माझ्यादेखत विचार. ‘हे मुलाखतीत धरणार नाही’ असं बजावून ती आली आणि तिने विचारलं, दुकान कुणाचं?

“हिचं,” नवरा म्हणाला. “पहिल्या पोत्यापासून. मी बोटसुद्धा लावलं नाही.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी ऐटीत चहा ओतायला घेतला.

“आणि घर माझं. तेही लिहा.”

“घर कसं तुमचं? सकाळी भाकऱ्या कोण टाकून जायचं?”

“भाकऱ्या तुझ्या. बाकीचं माझं.”

मी निम्म्या घरापासून घासाघीस सुरू केली. तो भाकऱ्यांच्या पुढे सरकेना. पोरगी वही मिटून, चहा पिऊन निघून गेली. आता मी चाळीस टक्क्यांवर आलेय. त्याखाली मला परवडत नाही.