वन्सं एकट्या सोलापूरला गेल्या

वन्संना नुसतं बोलायचं म्हणून बोललेलं कळतच नसे. कुंभिवलीच्या रस्त्यावर कुणी सहज म्हणालं, "ये गं पारू, एकदा घरी," की त्या तिथंच थांबून विचारत, "कंदी येऊ?" बोलणारी गोंधळायची, मग सुटका करून घ्यायला कुठला तरी वार सांगायची. त्या वारी वन्सं खरोखरच तिच्या ओटीवर जाऊन बसत. खालापूरच्या एका सोयरिणीनं आंब्यांची करंडी धाडते म्हणून सांगितलं आणि ती विसरली. वन्सं तिच्या दारात जाऊन म्हणाल्या, "आंबं नसतील तर नसू दे. पन धाडते म्हनलीस कशाला?" ती बाई वर्षभर आमच्याशी बोलली नाही. मला हसू आवरेना, तर माझ्यावरच डोळे वटारून म्हणाल्या, "वयनी, करायचं नाय तर बोलायचं कशाला गं?"

वन्सं म्हणजे माझी नणंद पार्वती, आमच्या ह्यांची धाकटी बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या पोशीरला नांदत होत्या. नवरा दामू कर्जतला रेल्वेत होता. घाट चढताना गाडीला मागून जोर द्यायला जे इंजिन लावतात, ते जोडायचं-सोडायचं त्याचं काम. लढाईच्या दिवसांत त्याची बदली सोलापूरला झाली. वन्सं आणि तान्ही कमळी पोशीरलाच सासूपाशी राहिल्या. पुढे तो गावी आला तो दुसरी बाई बरोबर घेऊनच. सासू म्हणाली, "ती तिकडं ऱ्हाईल, तू हितं ऱ्हा. तुझं काय जातंय?"

वन्सं म्हणाल्या, "मला मोडून द्या."

काडीमोडीसाठी पोशीरच्या देवळापुढे पंच बसले. हे गेले होते, त्यांनीच मला नंतर सगळं सांगितलं. गळ्यातलं वन्संनी आपल्या हातानं काढून दिलं. पण पोर बापाची, असं पंच म्हणाले तेव्हा त्यांनी कमळीला अशी कवटाळली की कुणाला सोडवता येईना. कमळी तेव्हा तीन वर्षांची. पंचांत तात्या म्हणून एक वडीलधारे होते, वन्संचे चुलत सासरे. ते मऊ आवाजात म्हणाले, "अगं, आई हायेस तू. कंदी पन जा, पोरीला बघून ये. तुला कोन नाय म्हनतंय?" सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवायला कुणाचं काय जातं? सोलापूर म्हणजे रात्रभराची गाडी. कर्जतच्या पलीकडे कधी न गेलेली बाई एकटी तिथवर जाणार नाही, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. वन्संना तेवढं कळलं नाही. त्यांनी पोर सोडली.

माहेरी आल्यावर त्यांनी भावाच्या मागं लकडा लावला. हे म्हणायचे, भात झोडून होऊ दे. भात झालं, मग शिमगा होऊ दे. शिमगा झाला, मग शेत भाजायची, राबाची कामं निघाली. शेवटी वन्संनी आपल्या कोंबड्या विकल्या, शेजारणीची चार वर्षांची मुलगी समोर उभी करून अंदाजानं एक परकर शिवला, आणि म्हणाल्या, "मी एकली जाते."

"एकटी बाई, त्यात मोडलेली. लोक काय म्हणतील?" हे ओरडले.

"लोकच म्हनलं ना दादा, जा म्हनून?"

खोपोलीच्या स्टेशनापर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेले. फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या. तिथून त्या कर्जतला गेल्या आणि संध्याकाळच्या मेलमध्ये बायकांच्या डब्यात चढल्या. हे सगळं त्यांनी मला पुढे तांदूळ पाखडताना तुकड्यातुकड्यानं सांगितलं. सोल्जरांनी गाडी भरलेली, बायकांच्या डब्यातही पाय ठेवायला जागा नव्हती. एकीनं विचारलं, "मालक कुठं बसले?" वन्संनी सांगितलं, "काडीमोड झाली माझी." त्या बाईनं आपलं मूल दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि तोंड खिडकीकडे केलं. समोरच्या बाकावर विजापूरकडची एक म्हातारी होती. तिनं वरच्या फळीवरची आपली वळकटी खाली ओढली आणि म्हणाली, "वर जा पोरी, झोप."

"मंग?" मी विचारलं.

"मंग झोपले. वयनी, लगीन झाल्यापासनं मला कोनी ना कोनी उठवलंच गं. सासूनं उठवलं, त्यानं उठवलं, पोरीनं उठवलं. त्या फळीवर मला कोनी उठवलं नाय. उजाडलं तवा माजी मीच उठले." हे सांगताना त्यांचं सूप थांबलं होतं. त्या सबंध प्रवासातलं त्यांना एवढंच सुख मिळालं.

सोलापुरात विचारत विचारत त्या रेल्वेच्या चाळीत पोचल्या. दामू कामावर होता. त्या दुसऱ्या बाईनं दार उघडलं, पाणी दिलं. मग कमळीला म्हणाली, "ही मावशी हाय, गावाकडची." वन्सं खरं सांगणारच होत्या. तेवढ्यात पोर आपणहून येऊन मांडीवर बसली आणि गाठोड्याची गाठ सोडायला लागली. "तिला उठवून कसं सांगू?" वन्सं मला म्हणाल्या. परकर आखूड झाला, तरी पोरीनं तो अंगावरून काढू दिला नाही.

दुपारी दामू आला. दारातूनच म्हणाला, "कुनी धाडली तुला?"

"पंचांनी."

"बघितलंस ना आता? मंग जा."

वन्सं उठल्या. कमळी उंबऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "मावशी, परत ये."

"कंदी येऊ?"

"उद्या."

वन्सं स्टेशनातल्या मुसाफिरखान्यात राहिल्या. दुसऱ्या दिवशी गेल्या तर दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, बाई पहाटेच पोरीला घेऊन माहेरी गेली. वन्सं पायरीवर बसून राहिल्या. ऊन कलल्यावर उठल्या आणि परतीच्या गाडीला लागल्या.

दामूनं पोशीरला तक्रार केली. पंच पुन्हा बसले, या वेळी आमच्या अंगणात. तात्या वैतागले होते. "अगं येडे, बोलायची रीत असती ती! तुझी समजूत घालाया बोललो."

"मंग पोर सोडवाया खोटं बोललाव व्हय?"

मी दाराआडून बघत होते. तात्या मान खाली घालून सुपारी कातरायला लागले. मग ठरलं की बाईनं एकटीनं सोलापूरला जायचं नाही, माहेरचा पुरुष बरोबर असेल तरच जायचं. आमचे हे "बरं" म्हणाले. आमच्या घरात पुरुष एकच होता, आणि त्याला कधीच सवड झाली नाही.

त्यानंतर वन्संना कुणी घरी बोलावलं तर त्या चारचौघींसारखं "येईन की" म्हणत आणि पुढे चालू लागत. गावाला वाटलं, पारू शहाणी झाली. मला मात्र त्यांचं ते "येईन की" ऐकवत नसे. स्वराज्य आलं, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात हिवतापानं त्या गेल्या. दामूला निरोप धाडला होता. कुणी आलं नाही.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी एक तरुण बाई पत्ता विचारत आमच्या दारात आली. कपाळ अगदी वन्संचं. बापाच्या तेराव्याला सावत्र आईनं तिला खरं सांगितलं होतं. "मामी, माझी आई कशी होती?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. कोंबड्या विकल्या ते, फळीवर झोपल्या ते, आखूड परकर, उंबरा, कुलूप. "म्हणजे ती आली होती? माझ्याशी बोलली?"

"मांडीवर बसली होतीस तू तिच्या."

तिनं डोळे मिटून घेतले. कपाळाला आठ्या घालून आठवू लागली. मग मान हलवली. "मला नाही आठवत हो मामी," असं म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. वन्संचा एकही फोटो आमच्या घरात नव्हता.