माझं पहिलं भाषण

चपला काढून हॉलमध्ये पाऊल टाकलं, तोच मॅडमनी माझ्या हातात चहाचा ट्रे दिला.

“बरं झालं आलात मावशी. चहा वाटणारा माणूसच आला नाही. आधी पुढच्या रांगेला द्या.”

मी चहा द्यायला आले नव्हते. उस्मानपुऱ्यातल्या त्या हॉलवर बोर्ड होता: ‘न घाबरता बोलायला शिका. महिलांसाठी मोफत वर्ग. वयाची, शिक्षणाची अट नाही.’ मॅडम हा वर्ग चालवणाऱ्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्या घरी मी पोळ्या लाटायचे. तोंडभरून मावशी म्हणायच्या. माझा कप मात्र बाल्कनीत, कुंडीमागं.

मला खरंच बोलायला शिकायचं होतं. दहावीनंतर माझ्या पोरीला सायन्स घ्यायचं होतं. मार्क होते. प्रवेशाला गेलो तर तिथले सर म्हणाले, “तुमच्या घरात झेपायचं नाही हे.” पोरगी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. “व्हय सर,” म्हणून मी उठले. आज ती वाळूजला कंपनीत खोकी भरते. माझ्याशी कामापुरतं बोलते.

मी सातवी शिकलेली. जयंतीला आमच्या विहारात बायका माइक धरून बोलतात, मी मागं सतरंजीवर बसते. म्हणून इस्त्रीची साडी नेसून आले होते. आणि ट्रे घेतला. हात आपोआप पुढं झाले. मॅडमपेक्षा मला माझ्या त्या हातांचा जास्त राग आला.

स्टेजवरच्या पाहुण्या बाई म्हणाल्या, “शिकायला वय नसतं, फक्त इच्छा लागते.” टाळ्या पडल्या. मी दाराशी उष्टे कप उचलत होते. माझी इच्छा कुठं कमी पडली होती?

मग प्रत्येकीनं स्वतःबद्दल दोन वाक्यं बोलायची ठरलं. माइक हातोहात फिरू लागला. मागं एक खुर्ची रिकामी होती. ट्रे खाली ठेवला आणि बसले. शेजारणीनं माइक मला ओलांडून पलीकडं दिला. जसं काही त्या खुर्चीवर कोणी नव्हतंच.

“मावशी, बसताय काय? कप राहिलेत,” मॅडम म्हणाल्या.

मी उठले. पलीकडच्या बाईच्या हातातला माइक घेतला.

“मी बी शिकायला आले. ज्याचा कप त्यानं उचलावा.”

एवढंच बोलले. कोणी कप उचलला नाही. “मावशी आज रंगात आहेत,” मॅडम म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या ओट्याशी दुसरीच बाई कणीक मळत होती. त्याच बिल्डिंगमधली माझी बाकीची घरंही सुटली.

पोरीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “वरातीमागून घोडं, आई. तवा बोलायचं होतं.”

खरं आहे तिचं. तिचं कॉलेज आता परत येणार नाही. मी कितीही शिकले तरी नाही. मॅडम बदलणार नाहीत, ते सर तर मला विसरलेही असतील.

वर्ग दर रविवारी असतो. बोर्ड अजून तिथंच आहे, अट नाही म्हणतो. येत्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे, पहिल्या रांगेत बसणार आहे. कोणी ट्रे पुढं केला तर हात मागं बांधून घेईन. कप फुटले तर फुटू देत.