सगळ्यांच्या अर्जावर एकच नंबर

चिखलीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत भीमराज सोनवणे संध्याकाळी सहा ते आठ फुकट वर्ग घेत. एकतीस वर्षं कंपनीत मशीन चालवून निवृत्त झालेला माणूस, घरी बसवेना. सात जुने कॉम्प्युटर आणि कंपनीच्या रद्दीतून आणलेले ड्रॉइंगचे कागद एवढ्या भांडवलावर ते मराठवाड्यातून आलेल्या पोरापोरींना कॉम्प्युटरच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनचा प्रोग्रॅम लिहायला शिकवत. चाकणच्या कारखान्यांत आपल्या वर्गातली किती मुलं लागली, हे कुणी विचारो न विचारो, ते सांगत सुटत.

शिस्तीच्या बाबतीत मात्र गृहस्थ भलतेच कडक. वर्गात येताना प्रत्येकाने मोबाइल बंद आवाजात दाराजवळच्या स्टीलच्या डब्यात टाकायचा. सरांचाही त्यातच. मुलांना एक नियम आणि आपल्याला दुसरा, हे त्यांना जमत नसे.

दुसरा नियम अर्जाचा. ही कुटुंबं काम मिळेल तिकडे मुक्काम हलवतात, रिचार्ज संपला की सिम बंद पडतं, आणि कंपनीचा फोन लागला नाही की जागा दुसऱ्याला जाते. दोघा मुलांच्या बाबतीत असं झालं, तेव्हापासून सर सगळ्यांच्या अर्जावर मुलांचा नव्हे, आपलाच नंबर लिहायला लावत. साक्षीने आईचा लिहिला होता. सरांनी तो खोडायला लावला.

साक्षी हिंगोलीकडची. आईवडील चऱ्होलीत एका मोठ्या इमारतीच्या कामावर, राहायला तिथल्याच पत्र्याच्या खोलीत. काम संपत आलं होतं आणि मुकादम सगळ्यांना पुढच्या साइटवर नेणार होता. चाकणच्या एका कंपनीत शिकाऊ म्हणून घेतलं तर हॉस्टेल मिळणार होतं. घेतलं तर पोर राहील, नाही तर आमच्याबरोबर येऊन विटा उचलेल, असं वडिलांनी सरळ सांगून टाकलं होतं. कंपनीच्या परीक्षेत तिचं नाव पहिलं आलं.

गुरुवारी वर्ग चालू असताना डब्यात एक फोन तीनदा थरथरला. नियमच तसा होता, कुणी उठलं नाही. आठ वाजता सरांनी आपला फोन हातात घेतला आणि तो पुन्हा थरथरू लागला. कंपनीतली बाई घाईत होती. गणराजला उद्या सकाळी सातला पाठवा, होकार आत्ताच हवा, म्हणाली. सरांनी साक्षीचं विचारलं. तिच्यासाठी तीनदा लावला, कुणी उचलला नाही, यादी आजच बंद करायची होती म्हणून पुढचं नाव घेतलं, असं उत्तर आलं.

पुढचं नाव त्यांच्याच वर्गातलं होतं. गणराज दारात चपला घालत होता. आठ महिने ठेकेदाराकडे खोकी उचलून त्याचा खांदा धरला होता. साक्षी फळा पुसत होती. तिच्यासाठी भांडायचं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढायचा.

"येईल तो," सर म्हणाले.

मग त्यांनी काही न लपवता दोघांना सांगितलं. साक्षीने आधी गणराजचं अभिनंदन केलं, अगदी मनापासून. तो मान खाली घालून निघून गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मायचा फोन दिसभर चालूच व्हता, सर."

तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सर कंपनीच्या गेटवर तीन तास उभे राहिले. यादी बंद झाली, एवढंच कळलं.

रविवारी चऱ्होलीत टेम्पो भरला गेला. सर निरोप द्यायला गेले, आईचा नंबर आपल्या फोनमध्ये टाकून घेतला, आणि साक्षीचे आणखी अर्ज गेलेत, बोलावणं येताच कळवतो, असं वडिलांना सांगून आले. वडील नुसतं बरं म्हणाले.

बोलावणं आलं, तीन महिन्यांनी, दुसऱ्याच कंपनीकडून. सरांनी लगेच आईला फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. त्यांनी कंपनीकडून हातापाया पडून तीन दिवस मागून घेतले आणि चऱ्होली गाठली. इमारतीत लोक राहायला आले होते, पत्रे निघाले होते. मुकादम सुप्याला गेला, असं वॉचमनने अंदाजाने सांगितलं. सर एसटीने सुप्याला गेले, दोन दिवस साइटमागून साइट पालथी घातली आणि हात हलवत परत आले. एवढी हुशार पोर आपण आपल्या हाताने हरवली, हे त्यांना परतीच्या वाटेवर सहन होईना.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फोन करून साक्षी येऊ शकत नाही, असं सांगितलं.

"ठीक आहे, मग उमेदवाराचा नकार असं टाकते," तिकडून बाई म्हणाली.

"नकार तिने दिला नाही हो, तिला कुणी विचारलंच नाही," सर म्हणाले. पण फोन केव्हाच ठेवला गेला होता.